आर्लिंग्टनला येणाऱ्या ठाणेकराला उत्तर

तू विचारलंयस ते थोडक्यात असं: ऑफिस आर्लिंग्टनमधल्या क्रिस्टल सिटीला, म्हणजे वॉशिंग्टन डी.सी.च्या समोर, पोटोमॅक नदीच्या व्हर्जिनियाकडच्या काठावर; जूनमध्ये बायको आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन येतोय. घर आर्लिंग्टनमध्येच घ्यावं की लांब? आर्लिंग्टन हे शहर आहे की काउंटी? नॉर्थ बरं की साउथ? शाळा कुठली? गाडीवाचून भागेल का? आणि सगळ्यात शेवटी, कंसात, ‘एकटं वाटतं का हो?’

कंसातलं आधी उरकते. वाटतं. पहिला हिवाळा गेला की कमी होतं. झालं.

व्हिसा, बॅगांचं वजन, सोशल सिक्युरिटी नंबर हे सगळं सरकारी साइटवर नीट लिहिलेलं आहे, ते मी लिहीत नाही. मी डोंबिवलीची. ऑगस्ट २०११ मध्ये आले, तेव्हा माझी मुलगीही सहाच वर्षांची होती. म्हणून तुझा प्रश्न वाचून गप्प बसवेना. तू माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा दिसतोस, तेव्हा अरेतुरे करते, राग मानू नकोस.

शहर की काउंटी? काउंटी. आणि आत एकही शहर नाही. उंच इमारती आहेत, जमिनीखाली मेट्रो आहे, २०२० च्या जनगणनेत २ लाख ३८ हजार माणसं मोजली, पण महापालिका नाही, महापौर नाही. आपल्याला वाटतं काउंटी म्हणजे जिल्हा आणि जिल्ह्यात शहर. व्हर्जिनियात तसं नाही. इथे शहर हे काउंटीच्या बाहेरच असतं, त्यांना स्वतंत्र शहरं म्हणतात. शेजारचं अलेक्झांड्रिया हे स्वतंत्र शहर, पश्चिमेचं छोटंसं फॉल्स चर्च हेही. ठाणे शहर ठाणे जिल्ह्यात नाही, असं कोणी सांगितलं तर कसं वाटेल? तसं.

याचा व्यवहारात अर्थ एकच: पत्त्यावरच्या गावाच्या नावावर विश्वास ठेवू नकोस. पोस्टाची नावं आणि हद्दी यांचा एकमेकांशी संबंध नाही. कंपनीने आम्हाला पहिला महिना जी जागा दिली होती तिच्या पत्त्यात ‘फॉल्स चर्च’ लिहिलं होतं. मी खुशाल फॉल्स चर्चच्या शाळेत फोन लावला. तिकडच्या बाईंनी पत्ता ऐकून घेतला आणि शांतपणे सांगितलं की तुम्ही फॉल्स चर्चमध्ये राहत नाही, फेअरफॅक्स काउंटीत राहता. मी त्यांच्याशी वाद घातला! माझ्या घरावर पाटी आहे म्हटलं. अलेक्झांड्रियाचंही तेच, पत्ता अलेक्झांड्रिया आणि घर फेअरफॅक्स काउंटीत अशी हजारो घरं आहेत. घर बघायला गेलास की दलालाला काउंटी विचार, आणि त्याने सांगितल्यावर काउंटीच्या नकाशावर स्वतः बघ. शाळा, कर, कचऱ्याची गाडी, पोलिस, सगळं त्या रेषेवर ठरतं. रस्त्यातला खड्डासुद्धा. व्हर्जिनियात बहुतेक काउंट्यांमधले रस्ते राज्य सांभाळतं, आर्लिंग्टन स्वतःचे स्वतः सांभाळतं. म्हणून इथे खड्ड्याची तक्रार काउंटीकडे आणि पाच मिनिटांवरच्या फेअरफॅक्समध्ये राज्याकडे.

ही रेषा आली कुठून, ती गोष्ट मला आवडते, म्हणून जरा लांबवते. अमेरिकेची राजधानी वसवायची ठरली तेव्हा प्रत्येक बाजू दहा मैल असा चौकोन आखला, टोकावर उभा, हिऱ्यासारखा. पोटोमॅक नदीपलीकडचा भाग मेरीलँडने दिला, अलीकडचा व्हर्जिनियाने. १८४६ मध्ये अलीकडच्या लोकांनी आम्हाला परत व्हर्जिनियात जाऊ द्या म्हणून मंजुरी मिळवली आणि १८४७ मध्ये व्हर्जिनियाने तो तुकडा परत घेतला. तेव्हा त्याचं नाव अलेक्झांड्रिया काउंटी. पुढे १८७० मध्ये अलेक्झांड्रिया शहर काउंटीतून वेगळं निघालं, तरी काउंटीचं नाव अलेक्झांड्रियाच. गोंधळ इतका झाला की १९२० मध्ये नाव बदलून आर्लिंग्टन केलं, टेकडीवरच्या आर्लिंग्टन हाऊसवरून. तेच ते, ज्याच्या आवारात आता सैनिकांचं मोठं दफनभूमीचं मैदान आहे. मधल्या काळात अलेक्झांड्रियाने दोनदा काउंटीचा लचका तोडला. उरला तो २६ चौरस मैलांचा तुकडा. स्वतःचा कारभार करणाऱ्या काउंट्यांत देशातला सर्वांत लहान. माझ्या बाबांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, ‘मग आमची सत्तावीस गावं काय वेगळी?’ बाबा कल्याण-डोंबिवली महापालिकेत करविभागात होते. सत्तावीस गावं आत, मग बाहेर, मग पुन्हा आत, हे त्यांनी फायलींमध्ये भोगलेलं.

१७९१-९२ मध्ये त्या हिऱ्याच्या कडेने दर मैलाला एक दगड पुरला होता. बरेचसे अजून आहेत. एका बाजूला ‘व्हर्जिनिया’ कोरलेलं, दुसऱ्या बाजूला ‘अमेरिकेच्या अखत्यारीत’ अशा अर्थाचं. फॉल्स चर्चच्या सीमेवर एका बागेत असाच एक आहे, लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात. त्या बागेला बेंजामिन बॅनेकरचं नाव आहे. हा गुलाम नसलेला कृष्णवर्णीय खगोलशास्त्रज्ञ त्या मोजणीत होता. पहिल्या हिवाळ्यात मी असे दगड शोधत फिरायचे. बसचा पास काढलेला, मुलगी शाळेत, नवरा ऑफिसात, आणि मला कामाचा परवाना नाही. डोंबिवलीत सहकारी बँकेत अकरा वर्षं नोकरी केलेली बाई, अंगात दोन कोट चढवून, कोणाच्या तरी परसामागे गुडघ्याइतका दगड शोधत उभी. पोलिसांनी हटकलं नाही हे नशीब.

तर कारभार. पाच जणांचं काउंटी बोर्ड. पाचही जण संपूर्ण काउंटीतून निवडून येतात, वॉर्ड नाहीत. म्हणजे ‘आमचा नगरसेवक’ असा कोणी नसतो. पाचही तुझे किंवा कोणीच नाही. दर जानेवारीत त्यांच्यातला एक अध्यक्ष होतो. हे पाच जण एक काउंटी मॅनेजर नेमतात आणि खरा कारभार तो चालवतो. ही पद्धत १९३२ पासूनची, आणि लोकांनी मतदान करून ती स्वीकारणारी देशातली पहिली काउंटी हीच. मॅनेजर म्हणजे आपला आयुक्त समज, फरक एवढाच की आपला आयुक्त मंत्रालयातून येतो, यांचा बोर्ड नेमतं आणि बोर्डच काढतं. हे ऐकून बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘वॉर्ड नाहीत तर लोक भांडतात कोणाशी?’

शनिवारी सकाळी भांडतात. महिन्यातून एकदा, बोर्डाच्या सभेत, कोर्टहाऊस मेट्रो स्टेशनजवळच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. मी तिथे पहिल्यांदा गेले ते खरंतर थंडी वाजत होती म्हणून. शेजारच्या चौकात शनिवारचा शेतकरी बाजार भरतो, मी मेथी मिळते का बघायला गेले होते (नाही मिळत), हात बधिर झाले आणि ऊब शोधत आत शिरले. दार उघडं, प्रवेश फुकट, खुर्च्या मऊ. एक म्हातारे गृहस्थ आपल्या गल्लीतल्या झाडांबद्दल बोलत होते, मग एक बाई पार्किंगबद्दल, मग कोणीतरी कुत्र्यांच्या बागेबद्दल. मोजकी मिनिटं मिळतात, वेळ संपली की थांबायचं. पाचही जण ऐकत होते. मी अडीच तास बसले. दोन आठवड्यांत नवरा, मुलगी आणि दुकानातली कॅशियर यांच्यापलीकडे मोठ्या माणसांची पूर्ण वाक्यं मी प्रथमच ऐकत होते. पुढच्या महिन्यात परत गेले. मग जातच राहिले.

आता त्या इमारतीतला तुझ्या उपयोगाचा भाग. गाडी घेतलीस की काउंटीला कळव. आपल्याकडे रोड टॅक्स आरटीओत एकदाच भरून मोकळं होतो; व्हर्जिनियात गाडी ही मालमत्ता धरून तिच्या किमतीवर दरवर्षी स्थानिक कर लागतो. आकारणी करते कमिशनर ऑफ रेव्हेन्यू, वसूल करतो ट्रेझरर, आणि हे दोघं मॅनेजरच्या हाताखाली नाहीत, स्वतंत्र निवडून येतात. तसाच शेरीफ: तुरुंग आणि कोर्ट त्याच्याकडे, रस्त्यावरचे पोलिस वेगळे, ते मॅनेजरकडे. माझ्या नवऱ्याने ट्रेझररचं पहिलं पत्र जाहिरात समजून टाकून दिलं. दुसरंही टाकलं. गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण अडलं तेव्हा आमच्या घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. मुदत ५ ऑक्टोबरची असते. भिंतीवरच्या कालनिर्णयवर आजच लिहून ठेव.

नॉर्थ की साउथ. रूट ५० नावाचा मोठा रस्ता काउंटीच्या मधून जातो, त्याच्या वर उत्तर, खाली दक्षिण. डोंबिवलीत रुळांनी पूर्व-पश्चिम होतं ना, तसंच; आणि दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांबद्दल बोलतातही तसंच. उत्तरेला टेकड्या, मोठी घरं, जुना पैसा. दक्षिणेला कोलंबिया पाइक हा मोठा रस्ता, बोलिव्हियाचे, इथिओपियाचे, बांगलादेशचे लोक, स्वस्त नाही पण जरा कमी महाग घरं. आम्ही पाइकजवळ राहिलो. दोन गल्ल्या चालशील तर चार भाषा कानावर येतील. तुला पिठाची गिरणी मिळणार नाही, पण कोथिंबीर मिळेल.

रस्त्यांची नावं मात्र शिकून घे, फार मजेदार आहेत. तीसच्या दशकात या काउंटीत एकाच नावाच्या इतक्या गल्ल्या होत्या की पोस्टाला कंटाळा आला, मग सगळी नावं नव्याने लावली. आकड्यांचे रस्ते रूट ५० ला समांतर. नावांचे रस्ते त्यांना आडवे, आणि ती नावं नदीकडून पश्चिमेकडे इंग्रजी बाराखडीच्या क्रमाने. आधी एका अक्षरी उच्चाराची: बॉल, क्लार्क. बाराखडी संपली की दोन अक्षरी: अ‍ॅडम्स, बार्टन. मग तीन: अ‍ॅबिंग्डन. आणि पार पश्चिमेच्या टोकाला एकच चार अक्षरी: अ‍ॅरिझोना. मी आणि मुलगी बसमधून जाताना पाट्या वाचून उच्चार मोजायचो, टाळ्या वाजवून. ‘आई, आता तीनवाले सुरू झाले, म्हणजे घर मागे गेलं!’ सहा वर्षांची पोरगी, आणि तिला त्या काउंटीचा नकाशा कानाने पाठ होता. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

गाडीवाचून चालेल का? रॉसलिन, कोर्टहाऊस, क्लॅरेंडन, व्हर्जिनिया स्क्वेअर, बॉल्स्टन या पाच स्टेशनांच्या आसपास राहिलास तर आरामात. ही मेट्रो खरंतर हायवेच्या मधोमध उघड्यावरून न्यायची स्वस्त योजना होती. काउंटीने हट्ट धरला की जुन्या बाजाराच्या रस्त्याखालून न्या, आणि १९७९ मध्ये ती बॉल्स्टनपर्यंत आली. स्टेशनच्या दारात उंच इमारती, दोन गल्ल्या सोडल्या की उतरत्या, मग बैठी घरं. काउंटीने तसं नियोजनच केलं. देशभरचे नगररचनावाले हे बघायला येतात. त्याची दुसरी बाजू ते बघतात की नाही कोण जाणे. १९७५ नंतर आलेल्या व्हिएतनामी लोकांनी क्लॅरेंडनची ओस पडलेली दुकानं भाड्याने घेऊन बाजार उभा केला होता, लोक त्याला लिटल सायगॉन म्हणायचे. मेट्रो आली, भाडी चढली, ते उठून फॉल्स चर्चच्या ईडन सेंटरला गेले. आज तिथे चांगलं फो (व्हिएतनामी नूडल्सचं सूप) खायला मिळतं.

तुझं ऑफिस क्रिस्टल सिटीला, ते दुसऱ्या मार्गावर, निळ्या-पिवळ्या. रॉसलिनला बदलावं लागेल. आणि पाइकवर मेट्रो नाहीच, बस. ट्राम येणार होती. त्यावर वर्षानुवर्षं वाद झाला, आणि त्या वादात मी माझं एकमेव भाषण केलं. नागरिक नसलं तरी बोलता येतं, हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. (मत देता येत नाही. १४ वर्षं कर भरतेय, ग्रीन कार्डाची रांग हलेल तेव्हा हलेल.) दोन मिनिटांचं भाषण मी आठवडाभर घोकलं. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची, ती पलंगावर बसून माझे उच्चार दुरुस्त करायची. ‘आई, व्ही आणि डब्ल्यू वेगळे आहेत.’ मी ट्रामच्या बाजूने बोलले. नोव्हेंबर २०१४ मध्ये बोर्डाने ट्राम रद्द केली. माझ्यामुळे नसावी.

मराठी माणसं हवी असतील तर खरं सांगते, आर्लिंग्टन ती जागा नाही. बहुतेक जण फेअरफॅक्सच्या पश्चिमेला आणि लाउडन काउंटीत आहेत, अ‍ॅशबर्न, हर्नडन, शँटिली. देवळं तिकडे, किराणा तिकडे, गणपती तिकडे. नोव्हेंबर २०२२ पासून मेट्रोही अ‍ॅशबर्नपर्यंत जाते, रॉसलिनला गाडी बदलून तुला ऑफिस गाठता येईल, फक्त दिवसातला बराच वेळ डब्यात जाईल. ठाण्याचा माणूस आहेस, तुला काय सांगायचं. आम्ही शाळेसाठी आर्लिंग्टन धरून बसलो. बायकोला विचारून ठरव. तुला नाही, तिला विचारून. दिवसभर घरात ती असणार आहे. एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या बायकोच्या व्हिसावर, कामाचा परवाना २०१५ च्या मेपासून मिळतो, पण नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज एका टप्प्याच्या पुढे गेला असेल तरच. मला तो मिळेपर्यंत पाच वर्षं गेली. आता दातांच्या एका दवाखान्यात हिशेब बघते. वर ‘पहिला हिवाळा’ लिहिलंय ना, पाच होते.

शाळा. इथवर टाळत आणलं.

आधी कामाचं. लसीकरणाचं पुस्तक डॉक्टरकडून टाइप करून, तारखा दिवस-महिना-वर्ष अशा अक्षरी लिहून आण. इथे महिना आधी लिहितात, ५/८ चा ८/५ होतो आणि एक लस ‘वेळेआधी घेतली’ म्हणून पुन्हा टोचतात. आमच्या पोरीला टोचली. टीबीची तपासणी मागतील. आपल्या मुलांना जन्मताच बीसीजी दिलेली असते, त्यामुळे त्वचेवरची चाचणी फुगू शकते, मग छातीचा एक्स-रे, मग खेटे. सरळ रक्ताची चाचणी मागून घे, बीसीजीने ती चुकत नाही. जन्मदाखल्यावर मुलीचं नाव छापलेलं आहे ना ते बघ, आपल्याकडे नाव कोरं असलेले दाखले असतात. ३० सप्टेंबरला पाच पूर्ण असतील तर किंडरगार्टन, यावरून तुझ्या मुलीची इयत्ता ठरेल, ठाण्यात तिने काय पुरं केलं त्यावरून नाही. आणि शाळा पत्त्यावरून, पण शाळांच्या हद्दी मुलांच्या संख्येप्रमाणे पुन्हा आखतात. तेव्हा अमुक शाळेसाठी म्हणून दोन रस्ते इकडेतिकडे जास्त भाडं भरू नकोस. काही शाळा सोडतीने मिळतात, अर्ज करून ठेव. शाळांचं बोर्ड वेगळं निवडून येतं, पण त्यांना कर लावायचा अधिकार नाही; पैसे काउंटी बोर्डाकडून येतात, स्थानिक करातला जवळपास निम्मा.

आता तो फॉर्म. प्रवेशाच्या कागदांत एक पान असतं: घरी कोणती भाषा बोलता? मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोललं? मी दोन्हीकडे अभिमानाने ‘मराठी’ लिहिलं. ठसठशीत अक्षरात. त्या एका शब्दावरून मुलीची इंग्रजीची चाचणी झाली. डोंबिवलीत इंग्रजी माध्यमात दोन वर्षं काढलेली मुलगी. अनोळखी बाईसमोर बसवल्यावर गप्प राहिली. आपली मुलं मोठ्यांपुढे नाही बोलत, आपणच शिकवलेलं असतं. गप्प राहिली म्हणून गुण कमी, गुण कमी म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांच्या गटात. रोज वर्गातून उठवून वेगळ्या खोलीत. वर्गात विज्ञान चालू, ही त्या खोलीत रंगांची नावं म्हणतेय. जिला बसमध्ये बसून रस्त्यांचे उच्चार मोजता येत होते, ती. दोन वर्षं. घरी यायची आणि सांगायची, ‘आज मी पुन्हा रेड आणि ब्लू शिकले.’ तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगायची.

पालकांना ही सेवा नाकारता येते, हे मला कळलं तेव्हा ती गटातून बाहेर पडली होती. तू लक्षात ठेव. नाकारावीच असं म्हणत नाही, काही मुलांना खरी गरज असते. पण विचार, चाचणीत काय झालं ते बघायला माग.

यात शाळेचं जे चुकलं ते चुकलं. एका बैठकीत मला सांगितलं गेलं की घरी इंग्रजी बोललात तर ती लवकर पुढे येईल. मी मान डोलावली. आणि आम्ही खरोखर इंग्रजी बोलायला लागलो. जेवताना मी पोरीला ‘टेक सम मोअर’ म्हणायचे, आणि माझंच तोंड मला परकं वाटायचं. सहा महिन्यांत तिने आजीशी फोनवर ‘हो’, ‘नाही’, ‘बरी आहे’ एवढ्यावर आणलं. आई विचारायची, पोर रुसलीय का?

त्या सुमारास फिरता फिरता मी उत्तरेतल्या एका शाळेपाशी थांबले होते. २ फेब्रुवारी १९५९ ला चार कृष्णवर्णीय मुलं पोलिसांच्या बंदोबस्तात याच इमारतीत शिरली, गोऱ्यांच्या शाळेत, व्हर्जिनियात पहिल्यांदा. तेव्हाचं नाव स्ट्रॅटफर्ड. आर्लिंग्टनने राज्यात सर्वांत आधी, १९४७ मध्ये, शाळांचं बोर्ड निवडून द्यायला सुरुवात केली होती; त्या बोर्डाने मुलं एकत्र बसवायची तयारी दाखवली, तर राज्याने निवडणुकीचा हक्कच काढून घेतला. तो परत मिळायला नव्वदचं दशक उजाडलं. जवळच हॉल्स हिल ही जुनी कृष्णवर्णीयांची वस्ती, शेजारच्या गोऱ्यांनी मध्ये बांधलेल्या भिंतीचे तुकडे अजून उभे आहेत. मी माझ्या पोरीच्या तासाभराच्या खोलीची त्या भिंतीशी बरोबरी करत नाही, ते लाजिरवाणं होईल. पण त्या दिवशी घरी जाऊन मी फार वेळ भांडी घासत बसले एवढं आठवतं.

मुलगा इथे जन्मला, २०१२ मध्ये. पाच वर्षांनी त्याच्या प्रवेशाचं तेच पान समोर आलं. घरी कोणती भाषा बोलता? आई तेव्हा आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आली होती, पलीकडच्या खोलीत त्याला ‘अडगुलं मडगुलं’ म्हणत होती, भिंतीतून ऐकू येत होतं. मी लिहिलं: इंग्रजी. पहिल्यांदा कोणती भाषा बोललं? इंग्रजी. त्याचा पहिला शब्द ‘दूदू’ होता.

चाचणी झाली नाही. त्याला कोणी कुठल्या खोलीत नेलं नाही. काम झालं. आजही मराठी त्याला समजते, बोलत नाही. त्याने का बोलावी? मी सहीनिशी लिहून दिलंय.

मुलगी कॉलेजला जायच्या आधी कागद लावत बसली होती, तिला दोन्ही फॉर्मच्या झेरॉक्स एकाच फायलीत सापडल्या. माझंच अक्षर, सहा वर्षांचं अंतर. तिने दोन्ही शेजारी ठेवले, वाचले, आणि इंग्रजीतून विचारलं, ‘त्याचं घर वेगळं होतं का?’ मी म्हटलं, जेवून घे. फाइल तिने परत जागेवर ठेवली, नीट, कोपरे जुळवून. ती सवय बाबांची.

तेव्हा त्या चौकोनात काय लिहायचं ते मला विचारू नकोस. बाकी सगळं विचार. घराचा पत्ता हाती आला की पाठव, शाळेची आणि काउंटीची हद्द मी नकाशावर बघून सांगते. बायकोचा नंबर दे, म्हणजे मी तिला फोन करीन, जून-जुलैमध्ये नाही, तेव्हा सगळं नवं असतं. नोव्हेंबरात करते, घड्याळ एक तास मागे गेलं की. फक्त शनिवारी सकाळी फोन लावू नका, मी कोर्टहाऊसला असते.